खांबाजवळचं गाठोडं

मूल रडलं, तशी ओतोसेने आधी त्याच्या तोंडावर हात ठेवला. नाळ मग कापली.

"मुलगा आहे," तिची लेक ओयोने म्हणाली. आईच्या पंज्याखाली लालबुंद होत चाललेलं ते एवढंसं तोंड बघून ती घाबरली. "अगं आई, गुदमरेल तो! हात काढ."

ओतोसेने हात काढला. बाळ दमलं होतं, थोडं कण्हलं आणि गप्प झालं. तिने बाहेर कान लावले. घरामागचं हे लाकडाचं कोठार पोलादाच्या भट्टीपासून दीडशे पावलांवर, मध्ये गुडघाभर बर्फ. भाते चालू होते. धप्प धप्प, धप्प धप्प, सहा माणसांचे पाय एका तालात फळीवर पडत होते. भट्टी पेटल्याचा आज तिसरा दिवस, पण तो आवाज अजून बंद पडला नव्हता. थांबायचा तो फक्त फळीवरची माणसं बदलताना, आणि तेही घोटभर पाणी पिण्याइतकाच.

"कुणी ऐकलं नसेल," ती म्हणाली. मग तेच पुन्हा एकदा म्हणाली.

"सासूबाई, द्या ना इकडं." पेंढ्यावर पडलेल्या ओमित्सुने हात पुढे केले. पोर घामाने चिंब झाली होती. ओतोसेने बाळ तिच्या छातीशी दिलं, वरून गोधडी घातली आणि म्हणाली, "पाज त्याला. रडू मात्र देऊ नको. काय वाट्टेल ते कर, पण रडू देऊ नको."

खरं म्हणजे ओमित्सु या वेळी इथे असायलाच नको होती. भट्टी पेटायच्या आधी, दिवस भरत आलेल्या सुनांना खिंडीपलीकडे माहेरी धाडायचं, ही वस्तीची रीत. पण हिला महिना बाकी होता. ओतोसेने स्वतः बोटांवर मोजलं होतं, आणि चाळीस वर्षं सगळ्या वस्तीच्या बाळंतपणांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईचा हिशेब नेमका घरच्या सुनेच्या वेळी चुकला. त्यात परवा बर्फ पडलं आणि खिंड बंद झाली.

सगळं जग सुतकाला भितं. इझुमोच्या डोंगरातल्या भट्टीवाल्यांची तऱ्हाच उलटी. त्यांच्या कानायागो देवीला मेलेल्याचं वावडं नाही. उलट घरात प्रेत असलं तर पोलाद चांगलं धरतं म्हणतात. तिला खपत नाही ते बाळंतपण. ज्याच्या घरी मूल जन्मलं, त्या बापाने सात दिवस भट्टीच्या दारावरची गवताची दोरी ओलांडायची नाही. मग तो भाते तुडवणारा असो, कोळसा टाकणारा असो, नाहीतर खुद्द थोरला मिस्त्री असो. आणि ओतोसेचा मुलगा यासुके तीन दिवसांपूर्वी थोरला मिस्त्री झाला होता, जन्मात पहिल्यांदाच.

बाहेर कुणीतरी ओयोनेला हाक मारली. ती गेली आणि लगेच परत आली.

"आई, झालं कल्याण. तू गरम पाणी नेताना एका भातेवाल्याने बघितलंय. यासुके दोरीबाहेर येऊन उभा राहिलाय. म्हणतोय, काय झालं असेल ते आईने येऊन तोंडाने सांगावं, तोवर मी आगीकडे फिरकणार नाही."

"आणि आगीकडे कोण आहे?"

"हे आहेत ना." हे म्हणजे तिचा नवरा तोराजी, भट्टीचा दुसरा मिस्त्री.

"तो काय बघणार कपाळ?"

"का? माझ्या नवऱ्याला डोळे नाहीत?"

"डोळे आहेत गं बाई. शिकवलेले नाहीत. चल घरात, यांना विचारू."

चुलीजवळ म्हातारा जिंबेई बसला होता. मागच्या खेपेपर्यंत तोच थोरला मिस्त्री होता. त्याचा उजवा डोळा चाळिशीतच गेला होता. भट्टीच्या पायथ्याच्या भोकातून उभी हयात ज्वाळा न्याहाळणाऱ्यांचा एक डोळा जायचाच, त्याचं कुणाला नवल नव्हतं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "मुलगा ना?"

"मुलगा."

म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आलं, अगदी गालफडांपर्यंत पसरलं, आणि तिथेच विरलं. "मग भट्टी गेली."

गेली म्हणजे खरोखरीच गेली असती. मागच्या दोन खेपा फसल्या होत्या. तीन दिवस लोखंडाची काळी वाळू आणि कोळसा ओतून चौथ्या दिवशी भिंत फोडावी, तर आत पोलादाऐवजी नुसता भुसभुशीत मळ निघाला. भट्टीचा मालक स्वतः डोंगर चढून आला आणि त्याने सांगितलं की बंदरात विलायती लोखंड उतरतंय, मला थांबायला सवड नाही. ही खेप बिघडली तर नव्या वर्षापासून खालच्या खोऱ्यातला मिस्त्री इथे येईल. वस्ती राहिली असती, जंगल राहिलं असतं. पाच पिढ्या त्या आगीपुढे बसलेलं हे एक घर मात्र बोचकी बांधून निघालं असतं. आणि आजचा तिसरा दिवस सगळ्यांत नाजूक. मातीची भिंत आतून खाल्ली जाऊन चार बोटं उरलेली. वाळूचं एक फावडं जास्त पडलं तर आग गुदमरते, एक कमी पडलं तर भिंत फुटते. कधी टाकायचं आणि कधी थांबायचं, ते ज्वाळेच्या रंगावरून ठरतं. तो रंग थोरला मिस्त्री आपल्या एकाच मुलाला दाखवतो. यासुकेला दाखवला होता.

"बाबा, तुम्ही जा ना मग," ओयोने म्हणाली. "मूल काय तुम्हाला झालंय? यासुकेला थांबवा बाहेर, तुम्ही बसा आगीपुढे."

ओतोसेने जिंबेईकडे बघितलं. चार महिने पोटात ठेवलेलं आता ठेवून उपयोग नव्हता.

"त्यांना दिसत नाही," ती म्हणाली.

"एकाने दिसत नाही, ते माहीत आहे की."

"दुसऱ्यानेही दिसत नाही. पहिलं धुकं पडलं तेव्हापासून."

ओयोनेने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे मागच्या दोन्ही खेपांना बाबा..."

"हो."

"आणि देवीचा कोप झाला म्हणून सगळ्या वस्तीने गारठ्यात नदीवर अंघोळी केल्या! माझ्या नवऱ्याचा जीव जायचा राहिला, बाबा!"

"चुकलं माझं," जिंबेई म्हणाला. "वाटलं, नजरेवर आलेलं धुकं आहे, उतरेल."

"मग आता तरी ह्यांना शिकवा. पंधरा वर्षं ते दुसरे मिस्त्री आहेत. पंधरा वर्षं आगीच्या पाठीमागे उभे आहेत. पुढे बसवा की एकदा!"

"काय शिकवू? पहिल्या दिवशी ज्वाळा उगवत्या सूर्याच्या रंगाची हवी, तिसऱ्या दिवशी डोंगराआड जाणाऱ्या सूर्याच्या, एवढं तोंडाने सांगता येतं. कुठल्या डोंगराआड, कुठल्या महिन्यातला सूर्य, ते तेरा वर्षं शेजारी बसवून दाखवावं लागतं. मला तर आता दाखवायलाही दिसत नाही." त्याने मांडीवर हात आपटला. "जा, सांगा त्याला खरं. देवीला जे द्यायचं ते देईल, न्यायचं ते नेईल."

"आणि आपण जायचं कुठं?" ओतोसेने विचारलं. "तुम्हाला हाताला धरून मी कुणाच्या दारात उभी राहू?"

ती उठली आणि चुलीपुढेच येरझाऱ्या घालायला लागली. अजून व्हायचंय म्हणून सांगावं, तर यासुके म्हणणार की कुठल्याही घटकेला होईल, मी आत पाऊल टाकायचं कसं? झालंय म्हणून सांगावं, तर संपलंच. काहीच सांगू नये, तर तो तिथे बर्फात उभा राहून राहून भट्टीची राख होणार. ती थांबली.

"मेलं म्हणून सांगते," ती म्हणाली. "मेलेलंच जन्मलं तर ते मरण धरतात, सोयर नाही."

"ओतोसे," जिंबेई म्हणाला, "जीभ झडेल."

"झडू दे. तुमचे डोळे गेले, माझी जीभ जाईल. जोडा शोभेल."

"देवीला फसवायचं म्हणतेस?"

"तुम्ही चार महिने फसवलंत ना? माझा एकच दिवस आहे." तिने जेवणाची टोपली उचलली. जवाच्या भाताचे मुटके सकाळीच वळून ठेवले होते, बाळ यायच्या आधी, स्वच्छ हातांनी. तेवढं तरी बरं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

दीडशे पावलं तिला त्या दिवशी फार लांब वाटली. विटाळ नसलेल्या म्हाताऱ्या बाईने जेवण दोरीपर्यंत न्यायचं, दोरीला हात लावायचा नाही. गेली दहा वर्षं ते काम तिचंच होतं. आज तिच्या नखांत सुनेचं रक्त होतं. तिने जाता जाता हात बर्फात खुपसले, चोळले, पुन्हा खुपसले. जिवंत बाळाला झेललेले हे हात घेऊन ती देवीच्या दारात चालली होती. आग बिघडली तर आपल्यामुळे बिघडणार, हे तिला पक्कं कळत होतं.

यासुके दोरीच्या अलीकडे उभा होता. डोक्याला कानांवरून फडकं घट्ट गुंडाळलेलं, भुवया जळून गेलेल्या, उजवा डोळा लाल झालेला. तीन दिवस तो झोपला नव्हता. दारातून आतली माणसं माना लांब करून बघत होती. त्यांच्या पुढे तोराजी होता, हातातलं फावडं जमिनीवर टेकवून.

"आई?"

"गेलं रे," ओतोसे म्हणाली. "मेलेलंच जन्माला आलं."

आतला कुणीतरी म्हातारा 'अरेरे' म्हणाला. यासुके जागचा हलला नाही.

"काय होतं?"

मुलगी सांगावी, असं तिने वाटेत ठरवलं होतं. मुलगी म्हटलं तर त्याला जरा कमी लागेल. पण त्याच्या त्या लाल डोळ्याकडे बघून तिच्या तोंडून निघून गेलं, "मुलगा."

त्याने मान हलवली. "ओमित्सु?"

"ती बरी आहे. तू जा आत. देवीने तुझ्याकडून घेतलंय, आता ती तुला देईल."

आपण बरोबर बोललो, असं तिला वाटलं. माणसांच्या माना हलल्या, कुणी हात जोडले. यासुके दोरीकडे वळला. तेवढ्यात तोराजी पुढे आला.

"वाईट झालं, मामी. पण वाईटातनं चांगलं म्हणायचं. मग आणा त्याला."

"कुणाला?"

"बाळाला. थोरल्या मिस्त्रीच्या घरातलं प्रेत आहे. दारासमोरच्या खांबाशी बांधून ठेवायला नको?"

"ठेवायलाच पाहिजे," आतून आवाज आला. "यासुकेच्या आजोबांच्या वेळी तीन दिवस ठेवलं होतं. काय लोखंड धरलं होतं तेव्हा!"

ओतोसेने चाळीस वर्षं या वस्तीत काढली, पोरीबाळींना साऱ्या रीती शिकवल्या, आणि हीच रीत ऐनवेळी डोक्यातून निसटावी! ती काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तोच आत कुणीतरी ओरडलं, फळीवरची माणसं उतरली आणि भाते थांबले.

सगळीकडे एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत, दीडशे पावलांवरून, कोठाराच्या फटींतून, बारीक पण स्वच्छ रडणं आलं.

भातेवाल्यांचे कान कामातून गेलेले असतात, पन्नाशीला घरात बायकोने आरडाओरडा केल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. कुणाची मान वळली नाही. यासुकेने ऐकलं की नाही, देव जाणे; फडकं त्याच्या कानांवर घट्ट होतं. फक्त तोराजीने मान वळवली. त्याने कोठाराकडे बघितलं, मग ओतोसेकडे बघितलं.

"मांजर," तो मोठ्याने म्हणाला. "लाकडांत मांजर व्यालंय वाटतं." मग यासुकेला म्हणाला, "तू आगीकडे बघ. मी मामींबरोबर जाऊन घेऊन येतो."

भाते पुन्हा सुरू झाले. यासुके दोरीखालून आत गेला.

कुंपणाशी आल्यावर तोराजी म्हणाला, "मामी, तुमचं मांजर चांगलं दणकट दिसतंय."

"काय हवंय तुला?" ओतोसेने सरळ विचारलं. जावयाशी इतकं उघड ती पंधरा वर्षांत बोलली नव्हती.

"मला काय हवं असणार? भट्टी हवी. ती गेली तर मी कुणाचा दुसरा मिस्त्री? मला वाटलं होतं, आज तुम्ही मला पुढे बसवाल. गेलो मघाशी आगीपुढे, बघितलं भोकातून. काही कळलं नाही मला. नुसती आग दिसली. इतकी वर्षं मनात म्हणत होतो, हे बापलेक उगाच मिजास करतात. करत नव्हते." त्याने चपलांवरचं बर्फ झटकलं. "मला काही नको. पण ओयोनेला काय हवंय ते विचारा. तिने तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही."

विचारायची गरज पडली नाही. घरात शिरले तेव्हा ओयोने बाळाला घेऊन चुलीपुढे फेऱ्या घालत होती. तिच्या करंगळीचं टोक त्याच्या तोंडात होतं आणि ते मन लावून चोखत होतं.

"ओमित्सुला झोप लागली," ती म्हणाली. "हा रडला म्हणून उचलून आणला."

"ऐकला आम्ही," तोराजी म्हणाला. "तिथवर."

ओतोसेने खांबाची गोष्ट सांगितली. जिंबेई नुसता 'हं, हं' करत ऐकत राहिला. ओयोनेने सगळं ऐकून घेतलं, पण फेऱ्या थांबवल्या नाहीत.

"आई, पुढचा विचार केलायस तू?"

"आधी आजचं निभावू दे."

"नाही केलास. मी केलाय. आज तू वस्तीला सांगितलंस की यासुकेचं मूल मेलं. उद्या मेलेलं मूल अंगणात रांगायला लागलं तर? लोक विचारणार नाहीत? आज पोलाद धरलं आणि मग कळलं की भट्टीत सोयर होतं, तर आपल्याला इथून दगड मारून हाकलतील. मालकाची वाट कशाला बघायची!"

ओतोसे खाली बसली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. भट्टी वाचवायची, यासुकेला वाचवायचं, यासुकेनंतर हा आहेच, असं ती धरून चालली होती. ज्याच्यासाठी वाचवायची, त्यालाच तिने भर दुपारी, दहा माणसांदेखत मारून टाकलं होतं.

"मग?"

"खिंड मोकळी झाली की आम्ही दोघं याला झाकून पलीकडे नेऊ. ह्यांची आत्या आहे तिकडे. चार-सहा महिन्यांनी आणू, दत्तक घेतला म्हणून. कुणाला शंका येणार नाही, पंधरा वर्षं आम्हाला मूल नाही, सगळ्यांना माहीत आहे." तिचा आवाज इथवर कणखर होता, मग एकाएकी कापला. "पण मग तो माझा. नावाला नाही. माझाच. पुढे कुणी मला म्हणायचं नाही की ओयोने, दे आता परत. हे कबूल असेल तर मी तोंड उघडणार नाही."

"ओमित्सुला विचारायला हवं गं."

"तू मारलास तेव्हा विचारलं होतंस?"

ओतोसेने जिंबेईकडे बघितलं. तो बघू शकत नव्हता, तरी त्याला कळलं.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "मी खरं सांगा म्हणत होतो."

भाते वाजत होते. तिकडे माणसं वाट बघत होती.

"कबूल," ओतोसे म्हणाली.

मग घाई झाली. तोराजीने चुलीजवळच्या ढिगातून ओकचा एक ओंडका काढला, हातावर तोलला, ठेवला, दुसरा घेतला. ओतोसेने पेटीतून यासुकेच्या बाळपणीचं निळं दुपटं आणलं आणि ओंडका त्यात गुंडाळला. डोक्याकडे चिंधी भरली, पायाकडे चिंधी भरली. बांधायला हाताला लागेल ती दोरी घेतली, तर तोराजीने ती हातातून हिसकावली.

"मामी! ताग आहे हा! देवीला ताग चालतो का? वेड लागलंय का तुम्हाला?"

"अगं बाई!" ओतोसेने जीभ चावली आणि कापसाची नाडी शोधायला धावली. देवीपुढे खोटं प्रेत ठेवायला निघालेली ही दोघं तागाच्या दोरीने घामाघूम झाली, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलंही नाही.

गाठोडं ओतोसेनेच नेलं. यासुके दोरीशी आला. "दे," तो म्हणाला.

"मी घेतो," तोराजी पुढे झाला. "तू आगीकडे हो. बघू नको, त्रास होईल."

"माझा आहे. मी ठेवतो."

ओतोसेने दोरीवरून गाठोडं त्याच्या हातांत दिलं. त्याने ते दोन्ही हातांवर घेतलं, बाळ घेतात तसं, डोकं कोपराशी. मग त्याचा अंगठा दुपट्यावरून खाली सरकला आणि एका जागी थांबला. पुन्हा तिथेच फिरला. लहानपणापासून कोळशाचं लाकूड निवडत आलेली बोटं ती. काळोखात हात लावून ओक कुठला आणि पाइन कुठला ते सांगणारी. सालीची कड त्याला लागली, हे ओतोसेला स्पष्ट दिसलं.

त्याने आईकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. चुकवायला हवी होती, पण जमलं नाही. कळल्यावर सोयर लागतं, तिला तेवढंच आठवत होतं. आता याला कळलं. आता हा गाठोडं खाली ठेवील आणि दोरीबाहेर येईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

"हलकं आहे, आई," तो म्हणाला.

"आठव्याचं होतं रे."

आत भिंतीचा कुठेतरी कड् आवाज झाला. माणसं ओरडली. यासुकेने मागे वळून ज्वाळेकडे बघितलं, नुसतं बघितलं आणि ओरडला, "उजवीकडे वाळू थांबवा! डावीकडचा भाता हळू!" मग तो दारासमोरच्या खांबाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि गाठोडं खांबाला बांधलं. बांधताना तो मोठ्याने रडायला लागला. माणसांना वाटलं, बाप आहे, रडणारच. त्याने डोळे पुसले आणि आगीपुढे जाऊन बसला.

चौथ्या दिवशी उजाडताना त्यांनी भिंत फोडली. त्याआधी यासुकेने गाठोडं सोडलं आणि स्वतःच्या हाताने शेवटच्या आगीत टाकलं. मग साखळ्या लावून पोलादाचा तो तापलेला गोळा बाहेर ओढला, तेव्हा भोवतीचं बर्फ चरचरत वितळलं. निवल्यावर मालकाच्या माणसाने त्यावर हातोडा मारला. त्याचा आवाज घरापर्यंत आला. जिंबेई ओसरीवर बसला होता. त्याने मान तिरकी करून ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "माझ्या कुठल्याच खेपेला इतकं चांगलं वाजलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "देवी फसली म्हणायचं, की आपण?"

"वाचलो म्हणा," ओतोसे म्हणाली. वस्तीत आरोळ्या चालल्या होत्या, साके दारूचं पिंप फुटलं होतं. तिला आनंद होत होता, खरंच होत होता, आणि कोठाराकडे जायला पाय उचलत नव्हता.

दुपारी यासुके आला. अंघोळ करून, कोरे कपडे घालून तो कोठाराच्या दाराशी गेला आणि तिथेच उभा राहिला. ओतोसेने दार सरकवायला हात घातला, तर त्याने तिचा हात धरला.

"नको. बघितलं तर सोयर लागेल. मग पुढच्या खेपेला आत कोणत्या तोंडाने जाऊ? अजून मी काही बघितलेलं नाही." मग फटीला तोंड लावून त्याने हळूच हाक मारली. "ओमित्सु."

"हं."

"रंग कसा आहे गं?"

आत पेंढा सळसळला. मग ती म्हणाली, "पहिल्या दिवसाचा. उगवतीचा."

यासुकेने दाराला कपाळ टेकलं. मग निघून गेला. ओयोनेशी ठरलेलं सगळं त्याला तोराजीने वाटेतच सांगितलं होतं. ओमित्सुला सांगायचं राहिलं होतं, आणि ते काम ओतोसेचंच होतं. तिने आत जाऊन सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. ओमित्सु बाळाकडे बघत ऐकत राहिली. रडली नाही, भांडली नाही. "बरं," एवढंच म्हणाली. ओतोसेला वाटलं, शहाणी आहे पोर, हिला कळतंय.

दोन दिवसांनी खिंड मोकळी झाली. ओयोनेने पाठीवर कोळशाची टोपली घेतली, टोपलीत कापूस, कापसात बाळ, वरून घोंगडी. तोराजी पुढे चालला. वस्तीला सांगितलं होतं, आत्या आजारी आहे. भट्टी थंड होती, भाते थांबलेले होते, त्यामुळे टोपलीतून आवाज आला असता तर सगळ्यांना ऐकू गेला असता. पण बाळ पोटभर पिऊन झोपलं होतं. ओमित्सुनेच त्याला निघताना पाजलं होतं.

ओतोसे वळणापर्यंत जाऊन परत आली, तेव्हा सून कोठाराच्या उंबऱ्यावर बसली होती. थंडीत, अंगावर पांघरूण न घेता. तिच्या कपड्यावर छातीशी दोन मोठे ओले डाग पडले होते आणि ते पसरत चालले होते.

"आत चल बाळा, गारठशील," ओतोसे म्हणाली.

"सासूबाई," ओमित्सु म्हणाली, "तुम्ही वस्तीला सांगितलंत, मूल मेलं. मालकाला सांगितलंत. देवीलासुद्धा सांगितलंत, आणि सगळ्यांना पटलं." तिने गळ्याशी कपडा सैल करून छातीवरून हात फिरवला. हात ओला झाला. "आता या दुधाला पण सांगा. मी मघापासून सांगतेय, माझं ऐकत नाही."

ओतोसे तिच्यापुढे उभी राहिली. त्या खेपेला तिला काहीच सुचलं नाही.